मयतीनंतरच्या चार नोंदी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावच्या एका प्रसूतिगृहात रेकॉर्ड सांभाळत होते. बी.कॉम., टायपिंगच्या दोन परीक्षा आणि कॉम्प्युटर क्लासचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट, एवढ्यावर ती नोकरी मिळाली होती. प्रसूतिगृह एका ट्रस्टचं होतं आणि त्याच ट्रस्टचं दुसरं प्रसूतिगृह धुळ्याला होतं. दोन्हीकडे कॉम्प्युटर एकाच उन्हाळ्यात आले, प्रोग्राम मात्र वेगवेगळे आले. जळगावचा आमच्या क्लासच्या सरांनी घरी बसून लिहिला होता, धुळ्याचा एका ट्रस्टींनी पुण्याहून तयार आणला. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पेशंटची माहिती साठवायची, एवढंच तर काम. ती कशी साठवली यानं काही फरक पडत असेल, हे मलाही सुचलं नव्हतं.

जळगावचा प्रोग्राम नावावर चालायचा. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि गाव टाइप केलं की काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत तिचं पान उघडायचं. रक्तगट, आधीची बाळंतपणं, ऑपरेशनं, आणि खाली शेऱ्यासाठी एक मोठी मोकळी चौकट. तिच्यात डॉक्टर मनाला येईल ते लिहायला सांगायचे. सगळ्यात शेवटी एक छोटा रकाना होता, मयत. त्यात वाय दाबलं की ते पान कायमचं मिटायचं. पुन्हा तेच नाव टाइप केलं तर अशी नोंद नाही, असं उत्तर यायचं. गेलेल्या बायकांची नावं रोजच्या कामात मधे येऊ नयेत म्हणून सरांनी ते मुद्दाम तसं केलं होतं. पडद्याच्या तळाला मात्र एकूण पेशंटचा आकडा असायचा, आणि त्यात त्या मोजलेल्या असायच्या.

माझ्या शेजारी नाना बसायचे. कॉम्प्युटर येण्याआधी सगळं रेकॉर्ड त्यांच्याच हातात होतं. लाल फडक्यात बांधलेले केसपेपरचे गठ्ठे ते नुसत्या वासावरून ओळखतात, असं सिस्टर म्हणायच्या. कॉम्प्युटरचा त्यांना राग नव्हता. तळाच्या आकड्यानं मात्र ते बेचैन झाले. एकदा दुपारभर बसून त्यांनी छापलेल्या यादीतली नावं बोटानं मोजली. ती त्या आकड्यापेक्षा कमी भरली.

"मग बाकीच्या बाया कुठे गेल्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाना, त्या मयत आहेत, त्या आत असतात, दिसत नाहीत एवढंच. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "आत म्हणजे कुठे?"  दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खुर्ची जराशी फिरवून घेतली. पडद्याकडे पाठ होईल अशी.

त्यानंतर दोन वर्षांनी एक बाई नाव नोंदवायला आली. सासर पारोळा तालुक्यातल्या एका गावात, माहेर जळगावजवळ. दुसरं बाळंतपण होतं म्हणून माहेरी आली होती. पहिल्या खेपेला धुळ्याच्या आमच्याच प्रसूतिगृहात सिझेरियन झालं होतं आणि मुलगी होती, असं तिनं सांगितलं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. मोठी बोलकी बाई होती. कॉम्प्युटर तिनं पहिल्यांदाच पाहिला. तिला स्वतःचं नाव बघायचं होतं म्हणून मी पडदा तिच्याकडे वळवला. तिनं नावावर बोट टेकवलं, काचेतली वीज तिला चटकन चावली, तसा तिनं हात मागे घेतला आणि खळखळून हसली. नावाला झटका आहे, म्हणाली. रोज तीस-चाळीस बायकांची नावं मी टाइप करत होते. त्यातली तीच लक्षात राहिली.

तीन महिन्यांनी ती बाळंतपणात गेली. रक्तस्राव थांबला नाही. मूलही वाचलं नाही. मी काही वॉर्डात नव्हते. मला दिसली ती तिची सासू, दुपारी दाखल्याच्या कागदांसाठी खिडकीशी आलेली. ती रडत नव्हती. दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून उभी होती आणि नानांनी जे विचारलं त्याची सरळ उत्तरं देत होती. कागद घेऊन ती गेली. मी नाव टाइप केलं, पान उघडलं, शेवटच्या रकान्यात वाय दाबलं. पान मिटलं. खात्री करायला मी तेच नाव पुन्हा टाइप केलं. अशी नोंद नाही, असं उत्तर आलं.

यानंतर जवळजवळ दोन वर्षं गेली. दोन्ही प्रसूतिगृहांचं रेकॉर्ड एकत्र करून धुळ्याच्या प्रोग्राममध्ये ठेवायचं, असं ट्रस्टनं ठरवलं. आमच्या सरांनी दोन्हीकडची नावं जुळवणारा एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. तो चालवायला आणि एकेक जोडी डोळ्यांखालून घालायला मला महिनाभर धुळ्याला पाठवलं. फ्लॉपींचा डबा मांडीवर घेऊन मी एसटीनं एरंडोल, पारोळा करत गेले आणि गल्ली नंबर पाचमध्ये मावशीकडे उतरले.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर, तसाच तिथल्या प्रोग्रामला नंबरच कळायचा. पहिल्यांदा आलेल्या बाईला एक पिवळं कार्ड मिळायचं आणि कार्डावर रक्तगट, झालेलं ऑपरेशन आणि एक नंबर. तो तिचा जन्मभराचा. पुढे ती कधीही आली तरी खिडकीवर नंबर टाइप करायचा की तिचं सगळं मागचं उघडायचं. नाव कोणी विचारायचं नाही. जिच्या हातात कार्ड, तीच ती बाई. जळगावसारखी शेऱ्याची मोकळी चौकट तिथे नव्हती. सगळं ठरलेल्या यादीतून निवडायचं, यादीत नसेल ते लिहायला जागाच नाही. मयतीचा वेगळा रकाना नव्हता. बाई त्याच दवाखान्यात गेली तर तशी नोंद व्हायची, दुसरीकडे कुठे गेली तर त्या प्रोग्रामला ते कधीच कळणार नव्हतं. आणि एकदा झालेली नोंद तिथे पुसता यायची नाही. पुण्याच्या कंपनीला त्याचा अभिमान होता.

कॉम्प्युटरची खोली मागच्या बाजूला होती. बाहेर चपला काढायच्या, आत एसी, खिडक्यांना जाड पडदे. बाहेर चैत्राचं ऊन पेटलेलं असायचं आणि मी आत पदर खांद्यावर गुंडाळून बसायचे. प्रिंटर दिवसभर करकरत कागदाची लांब पट्टी बाहेर टाकायचा. नाव, नवऱ्याचं नाव, गाव जुळलं की दोन्हीकडच्या नोंदी तारखेप्रमाणे एकाखाली एक छापून यायच्या. मी त्यांवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचे.

चौथ्या दिवशी तिचं नाव आलं. मी ते लगेच ओळखलं. आधी धुळ्याच्या ओळी होत्या: नोंदणी, सिझेरियन, मग जखम चिघळली म्हणून ड्रेसिंगच्या बऱ्याच. त्याखाली जळगावच्या: नोंदणी, दोन तपासण्या, मयत. ती ओळ मीच टाइप केलेली. तिथे पट्टी फाडायला मी हात नेला, तर खाली अजून छापलेलं होतं. धुळ्याच्या चार ओळी. प्रत्येक ओळीत तारीख आणि वजन. अडतीस किलो. मग एकेचाळीस. त्रेचाळीस. साडेचव्वेचाळीस. शेवटची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती, तेवढीच मी नीट वाचली.

मेल्यानंतर बाईचं वजन वाढत चाललं होतं.

पहिल्यांदा मनात आलं ते हे, की मी चुकले. कोणत्या तरी जिवंत बाईला मी वाय दाबून मिटवून टाकलं. पण मग ती सासू, ते गज धरलेले हात, ते कोणाचे होते? मी चपला न घालताच व्हरांड्यात आले. फरशी तापलेली होती, पाय भाजले तेव्हा भानावर आले. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून जळगावला नानांना फोन लावला. तिचा मूळ केसपेपर काढून बघा म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा फोन केला, तेव्हा ते कागद हातात घेऊनच बसले होते.

"मयत आहे," ते म्हणाले. "डॉक्टरांची सही आहे. सासूचा अंगठा आहे. तो मीच घेतला होता." मग त्यांनी विचारलं, "तू का विचारतेस?"

मी सांगितलं. बूथमधल्या यंत्राचे आकडे पुढे सरकत होते. शेवटी नाना म्हणाले, कागद मी कुलपात ठेवतो, आणि फोन ठेवला.

धुळ्याला एक सीनियर नर्स होत्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. बाळंतिणीचं वजन घेणं, पोट बघणं आणि त्याची नोंद करणं हे त्यांचं काम. आम्ही जेवायला एकत्र बसायचो. दुसऱ्या दिवशी कळण्याची भाकरी मोडता मोडता मी त्यांच्यापुढे ती पट्टी ठेवली. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली. जळगावच्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी डबा बंद केला.

"मला वाटलं, मलाच काही तरी होतंय," अक्का म्हणाल्या.

हळूहळू त्यांनी सांगितलं. ऑपरेशननंतर या बाईची जखम चिघळली होती आणि पंधरा दिवस अक्कांनीच ती धुतली होती. बेंबीखालचा उभा व्रण, मधे भरून आलेला जाड कातड्याचा गोळा. हातानं धुतलेली जखम नर्स विसरत नाही. चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नाहीत, डोक्यावरून पदर आणि खाली घातलेली मान, चेहरा दिसतोच किती. आता ही बाई पुन्हा दिवस राहिल्यावर यायला लागली. नंबर तोच, नाव तेच. पहिल्या दोन खेपांना गर्दी होती, लुगडं पुरतं बाजूला न करताच त्यांनी तपासलं. तिसऱ्या खेपेला पोट उघडं करून बघितलं, तर ते गुळगुळीत होतं.

"काहीच नव्हतं तिथे?" मी विचारलं.

"काही नाही. नव्या नवरीचं असतं तसं."

अक्कांनी कॉम्प्युटरच्या यादीत शोधलं. ऑपरेशन झालं नाही, असं निवडता येत होतं, पण झालेलं ऑपरेशन नाहीसं झालं असं निवडायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी नुसतं वजन टाकलं आणि कोणाला सांगितलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. डोळे गेले की डोकं, असं लोकांनी विचारलं असतं.

आम्ही दोघी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या कोरड्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी पट्टी वाचली आणि म्हणाल्या, "नावं सारखी असतात. कार्डांची अदलाबदल झाली असेल. ती आली की मला बोलवा." पण पट्टी त्यांनी परत दिली नाही, टेबलाच्या खणात ठेवली. जाताना एवढंच म्हणाल्या की या बाईला ऑपरेशनची तारीख द्यायचं चाललं होतं. आधीचं सिझेरियन चिघळलेलं, त्यामुळे या वेळी कळांची वाट बघायची नाही, असं त्यांनी कार्ड पाहून ठरवून टाकलं होतं.

तिची पुढची तारीख प्रोग्रामनं दिलेली होती. पाच दिवसांनंतरची. ते पाच दिवस मी पुढच्या जोड्या तपासत राहिले, पण प्रत्येक मयत शब्दाखाली आता अजून काही छापलेलं तर नाही ना, हे बघायची सवय लागली. संध्याकाळी मावशीकडे गेले की ती विचारायची, चेहरा का असा उतरलाय. मी उन्हावर ढकलायचे.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला व्हरांड्यात बायकांची रांग बसली होती. अक्का दारात उभ्या राहिल्या आणि एरवी नंबर पुकारायच्या त्या आज नावानं हाक मारली. रांगेच्या टोकाला एका बाईनं ते ऐकलं. तिनं आधी मान वळवून मागे बघितलं. मागे नुसती भिंत होती. मग ती उठली.

तो चेहरा मी कधीही पाहिलेला नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मग तिच्या शेजारी बसलेल्या म्हातारीकडे माझं लक्ष गेलं. जळगावच्या खिडकीचे गज धरून उभी राहिलेली ती तीच सासू होती. तिनंही मला ओळखलं. तिनं तोंड फिरवलं नाही, फक्त हातातली पिशवी पोटाशी घट्ट धरली.

सासूला बाहेरच बसायला सांगून अक्कांनी तिला आत घेतलं. डॉक्टरबाई आल्या. बावीस-तेवीसची असेल, बारीक, सावळी. गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात चांदीचा एक लहान टाक होता, पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती. पहिली बायको गेल्यावर दुसरीच्या गळ्यात असा टाक घालतात, तो बघताच अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी कार्ड पुढे धरून विचारलं, हे तुझंच का? तिनं मान डोलावली. मग डॉक्टरबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, पोटावर व्रण नाही, मग हे ऑपरेशन कोणाचं?

 ती दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "ते मन्हं नाव नही शे, ताई. ते तिन्हं नाव शे. मन्हं माहेरनं नाव दुसरं शे."

पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं. पहिली गेल्यावर सात महिन्यांनी तिचं लग्न झालं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहितात, तसं नवऱ्यानं लिहिलं. चौथीपर्यंत शिकलेली असल्यामुळे तिला वाचता आलं. गेलेल्या बाईचं नाव काय होतं हे तिला माहीत होतं. तिनं वर बघितलं, पण कोणी काही बोललं नाही, सगळे अक्षता टाकत होते. घरी आल्यावर पेटीतली लुगडी तीच मिळाली. पाणी प्यायला तांब्या उचलला तर त्यावरही तेच नाव. "बठ्ठा भांडास्वर तिन्हंच नाव शे," ती म्हणाली. पहिलीची मुलगी तिला आई म्हणते, आणि ही दुसरी आई आहे हे पोरीला कधी सांगायचं नाही, असं घरात ठरलं आहे. दिवस राहिल्यावर सासूनं पेटीतून पिवळं कार्ड काढून हातात दिलं.

हाक मारली की तू मागे का बघतेस, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. ती म्हणाली, आधी तिला जाऊ द्यावं लागतं. एवढंच म्हणाली, आणि ते सांगताना तिच्या आवाजात भीती नव्हती. घरातल्या मोठ्या माणसाला आधी वाट द्यायची असते, तसं ती बोलली.

रक्त पुन्हा तपासलं. कार्डावर बी पॉझिटिव्ह होतं, हिचं ओ निगेटिव्ह निघालं. डॉक्टरबाईंनी दुसऱ्यांदा नमुना घेतला, तरी तेच. मग त्या खुर्चीत बसल्या. आईचं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर लगेच एक इंजेक्शन द्यावं लागतं, नाही तर पुढची मुलं दगावतात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. कार्ड बघून ते कोणाच्याही डोक्यात आलं नसतं. आणि दुसऱ्या बाईच्या पोटावरच्या व्रणासाठी हिचं पोट उघडलं गेलं असतं. हिचं तर हे पहिलंच बाळंतपण होतं. कॉम्प्युटर ते दुसरं म्हणत होता.

मी मनात ताडून बघत होते. ही बाई जळगावला आली असती तर आमच्या प्रोग्रामनं अशी नोंद नाही म्हणून सांगितलं असतं आणि मी नवं पान उघडलं असतं. जळगावचा प्रोग्राम गेलेल्यांना पार विसरायचा, म्हणून ती वाचली असती. धुळ्याचा कोणालाच जाऊ देत नव्हता.

सासूला आत बोलावलं. डॉक्टरबाई रागावल्या, पण आवाज चढवला नाही. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. नाव तेच आहे मग नवं कार्ड कशाला, असं तिला वाटलं होतं. त्यात लबाडी नव्हती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. नाव तरी तेच कशाला ठेवलंत, असं अक्कांनी विचारलं, तेव्हा ती माझ्याकडे बघून बोलली, जणू मलाच ते कळेल.

"पोर हाका मारे, माय. कोनी तरी ओ देवाले पाहिजे व्हतं."

डॉक्टरबाईंनी पिवळं कार्ड उचलून खणात टाकलं. 

नवं कार्ड करायला मी कॉम्प्युटरवर बसले आणि सवयीनं तेच जुनं नाव टाइप केलं. प्रोग्रामनं विचारलं, या नावाची नोंद आहे, जुनाच नंबर द्यायचा का? मी नाही म्हटलं. मग तिला विचारलं, कोणतं नाव लिहू? तिनं सासूकडे पाहिलं. सासू खाली बघत होती. मग सुनेनं माहेरचं नाव सांगितलं. पहिल्यांदा ते मला नीट ऐकूच आलं नाही, पुन्हा सांगावं लागलं. खिडकीवर मात्र या नावानं हाक मारू नका, म्हणाली, सोबत पोरगी असते कधी. अक्का म्हणाल्या, आम्ही नंबरच पुकारतो. तिला ते बरं वाटलं.

दोघी गेल्यावर मी जुन्या नंबरातल्या नोंदी वेगळ्या करायला घेतल्या. मयत ओळीच्या वरच्या सगळ्या पहिलीच्या, खालच्या सगळ्या दुसरीच्या, असं सोपं काम होतं. खालच्या तीन बरोबर जुळल्या. चौथीपाशी, म्हणजे सगळ्यात आधीच्या अडतीस किलोच्या ओळीपाशी मी अडकले. तिची तारीख मरणानंतर पाच आठवड्यांची होती. दुसरीचं तर लग्नच सात महिन्यांनी झालं होतं. ती त्या घरात आलेलीच नव्हती.

पुढच्या खेपेला सासूला विचारलं. ती म्हणाली, त्या दिवसांत घरातून कोणी धुळ्याला आलं नाही, कार्ड पेटीत लुगड्यांच्या घडीखाली होतं. नोंद कोणी केली हे प्रोग्राम दाखवायचा. ती अक्कांची होती. रक्तदाब नाही, तक्रार नाही, डॉक्टरांचा कोड नाही, नुसतं वजन. अक्कांनी ती ओळ कितीतरी वेळ बघितली. "काट्यावर बघितल्याशिवाय मी वजन लिहीत नाही," त्या म्हणाल्या. त्यांना ती बाई आठवत नव्हती. कोणीच आठवत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी निकाल देऊन टाकला, नंबरातला एखादा आकडा चुकला असणार, पुसून टाका. पण त्या प्रोग्राममध्ये पुसता येत नव्हतं. एका आकड्याच्या फरकाचे जेवढे नंबर होतात तेवढे सगळे मी दोन दिवस बसून उघडले. त्या सुमाराला येणारी, पण त्या तारखेची नोंद राहून गेलेली, इतक्या कमी वजनाची बाई कोणत्याही नंबरात सापडली नाही. बहुतेक चूक दोन आकड्यांची असेल. मी अजूनही स्वतःला तेच सांगते.

नोंद कोणाच्या तरी नावावर ठेवणं भाग होतं, त्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. दुसरीच्या नव्या, स्वच्छ पानावर ती टाकायला माझा हात धजेना. मी ती पहिलीच्याच नावावर राहू दिली. मयत, आणि त्याखाली एक तारीख, अडतीस किलो. महिना संपल्यावर फ्लॉपी डब्यात भरून मी जळगावला परत आले. नानांनी तिचा केसपेपर कुलपातून काढून गठ्ठ्यात लावला आणि मला काहीही विचारलं नाही.

पावसाळा लागल्यावर अक्कांचं पोस्टकार्ड आलं. ती बाई बाळंत झाली होती, ऑपरेशन न करता. मुलगी झाली, बाळाचं रक्त पॉझिटिव्ह, इंजेक्शन त्याच दिवशी दिलं, दोघी सुखरूप. सासू बाळाला मांडीवर घेऊन वॉर्डात बसून असते आणि सुनेला काही लागलं तर अक्कांना खूण करते, हाक मारत नाही, असंही त्यांनी लिहिलं होतं. ते वाचून मला इतकं बरं वाटलं की मी कार्ड शेजारी नानांकडे दिलं. ते परत घेतल्यावर मी पत्त्याच्या बाजूला वळवलं, तर तिथे उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत अक्कांनी अजून एक ओळ लिहिलेली होती. त्या अडतीस किलोच्या तारखेला वजनाचा काटा खराब नव्हता, मी दुरुस्तीची वही काढून पाहिली.